घटावरच्या नारळाचा माड: नऊ वर्षे झाली, पोय कधी येईल?

अनगोळची माई
१८ जुलै २०२१

नमस्कार. बेळगावच्या अनगोळ भागात आमचे जुने कौलारू घर आहे आणि घरामागे दीड गुंठ्याचे परडे आहे. २०११ च्या नवरात्रात घटावर ठेवलेला नारळ उतरवताना त्याच्या शेंडीतून कोंब वर आलेला दिसला. तो नारळ सासूबाईंच्या माहेराहून, म्हणजे कारवारजवळच्या सदाशिवगडाहून आलेला होता. घटावरच्या नारळाला कोंब फुटला तर तो फोडायचा नाही, लावायचा, अशी आमच्या घरची रीत आहे. त्याप्रमाणे सासूबाईंनी तो ओल्या वाळूच्या कुंडीत पाऊस सुरू होईपर्यंत सांभाळला आणि जून २०१२ मध्ये परड्यात खड्डा काढून लावला.

आता त्या गोष्टीला नऊ वर्षे झाली. खोड जमिनीपासून माझ्या खांद्याएवढे वर आले आहे, माथ्यावर अठरा झावळ्या आहेत, झाड हिरवे आहे, परंतु एकही पोय, म्हणजे फुलोरा, अजून बाहेर पडलेली नाही. शेजारच्या घरी रोपवाटिकेतून आणलेल्या ठेंगण्या माडाला चौथ्याच वर्षी शहाळी लागली, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या माडाला वांझ म्हणतो. मागच्या आठवड्यात कुंपणाची भिंत बांधायला आलेल्या गवंड्यानेही, तोडायचा असेल तर आत्ताच सांगा, असे विचारले.

सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. रोज सकाळी काठी टेकत त्या माडापर्यंत जातात, झावळ्यांच्या बेचक्यांत पाहतात आणि काही न बोलता परत येतात. मला जाणकारांकडून इतकेच समजून घ्यायचे आहे की नऊ वर्षे थांबूनही पोय न येणे हे दोषाचे लक्षण आहे का, आमच्या हातून काही चुकले आहे का, आणि अजून किती काळ थांबणे शहाणपणाचे ठरेल.

सदाशिवगडकर
१८ जुलै २०२१

माई, आपल्या सासूबाईंचे माहेर माझ्याच गावचे निघाले, म्हणून प्रथम त्यांना माझा नमस्कार सांगावा.

शेजारच्या माडाशी आपल्या माडाची तुलना करू नये. आमच्या किनाऱ्यावरचे जुने माड उंच जातीचे आहेत. कोकणात त्याच जातीला बाणवली म्हणतात. ठेंगणी जात तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येते. उंच जातीला चांगल्या जमिनीत आणि किनाऱ्याच्या हवेतही सहा ते आठ वर्षे लागतात आणि हयगय झाली तर दहाव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. एकदा धरल्यावर मात्र हाच माड साठ-सत्तर वर्षे नारळ देतो. माझ्या आजोबांनी लावलेले माड आजही आमचे घर चालवतात.

दुसरी गोष्ट हवेची. आमचे गाव समुद्रसपाटीला आहे आणि बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. माडाला बारा महिने उबदार, दमट हवा लागते. बेळगावच्या थंडीत नवी झावळी उघडायला उशीर होतो, म्हणून किनाऱ्यावरचे वर्ष आणि आपल्याकडचे वर्ष माडाच्या दृष्टीने सारखे नसते. वांझ हा शब्द तर मनातून काढूनच टाकावा. नारळाच्या एकाच पोयीत नर आणि मादी अशी दोन्ही फुले असतात, त्यामुळे नर माड आणि मादी माड असा भेद या झाडात नाही.

आमची आई प्रत्येक माडाच्या आळ्यात पावसाळ्याच्या तोंडावर मूठ-दोन मुठी मीठ आणि मासळीचे खत घालत असे. आपण तसे काही घातले होते का?

तांबडी माती
१९ जुलै २०२१

मी खानापूर तालुक्यातला. फळबागेच्या कामात तीस वर्षे गेली. माईंच्या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण आपल्या भागात चांगले वाढलेले माड केवळ हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे तोडले गेलेले मी पाहिले आहेत.

माडाला आंब्यासारखा बहर येत नाही. वयात आलेल्या माडाच्या प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय ठरलेली असते. पूर्ण वाढलेला माड वर्षाला बारा ते चौदा झावळ्या काढतो आणि तितक्याच पोयी देऊ शकतो. म्हणजे झावळी किती वेगाने निघते, यावरच सगळे अवलंबून आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की आज जी पोय आपल्या डोळ्यांना दिसते, तिचा पहिला अंकुर झाडाच्या गाभ्यात सुमारे ३२ महिन्यांपूर्वी धरलेला असतो. तिच्या फांद्या पोय फुटण्याच्या सुमारे सोळा महिने आधी तयार होतात, आणि नर-मादी फुले त्यानंतर, म्हणजे पोय फुटण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी ठरतात. पोय फुटल्यानंतर नारळ पक्व व्हायला आणखी अकरा-बारा महिने लागतात. तेव्हा आज उतरवलेल्या नारळाची सुरुवात साडेतीन वर्षांपूर्वी झालेली असते. त्या काळात झाडाला कधी पाण्याचा ताण पडला, कधी अन्न कमी पडले, तर त्याचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही, दोन-अडीच वर्षांनी दिसतो.

म्हणून माई, पोय का आली नाही, असे विचारताना २०१८ आणि २०१९ या वर्षांत माडाची काय स्थिती होती, हे आठवावे. यंदा जे कराल त्याचे उत्तर २०२४ मध्ये मिळेल, हेही मनाशी धरून चालावे.

मला चार गोष्टी कळवाव्यात. माडावर दिवसाचे किती तास ऊन पडते? उन्हाळ्यात पाणी किती आणि कसे देता? आजवर खत काय घातले? आणि झाड दर वर्षी किती झावळ्या काढते? शेवटची गोष्ट बहुतेकांना सांगता येत नाही. तिचा सोपा उपाय आहे. नुकत्याच पूर्ण उघडलेल्या सर्वांत वरच्या झावळीच्या देठावर ऑइल पेंटने तारीख घालावी आणि बरोबर एक वर्षाने तिच्यावर किती नव्या झावळ्या आल्या, ते मोजावे.

अनगोळची माई
२० जुलै २०२१

आपले लिहिणे मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. वांझ शब्दावर त्या म्हणाल्या, "मी हेच सांगत होते, पण माझे कोण ऐकतो!"

ऊन फार तर तीन तास मिळते. माडाच्या पश्चिमेला आठ फुटांवर जुना आंबा आहे. खड्डा काढला त्या वेळी आंब्याच्या फांद्या इतक्या पसरलेल्या नव्हत्या. पाणी म्हणाल तर स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी तिकडे सोडलेले आहे. २०१९ पर्यंत उन्हाळ्यात आडाला पाणी कमी असे, त्यामुळे वेगळे पाणी कधी दिले नाही. खत म्हणजे चुलीची राख आणि वर्षाकाठी एक टोपली शेणखत. मीठ कधीच घातलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खोड जमिनीजवळ जाड आहे, मग दोन हातांच्या उंचीवर ते आत गेल्यासारखे बारीक झाले आहे. तो रोग असावा, अशी आम्हाला भीती वाटते.

आज सकाळी नातवाकडून झावळीवर तारीख घालून घेतली.

तांबडी माती
२० जुलै २०२१

आपल्या उत्तरातच निदान आहे. खोडाचा बारीक झालेला भाग हा रोग नव्हे. आंब्याचे, फणसाचे खोड दर वर्षी जाड होत जाते, तशी सोय माडात नाही. माड पहिली तीन-चार वर्षे जमिनीलगतच आपला बुंधा पूर्ण रुंदीचा करून घेतो आणि मगच उंच होऊ लागतो. त्यानंतर ज्या वर्षी जे खोड तयार झाले, त्याची जाडी पुढे बदलत नाही. त्यामुळे पोटाला न मिळालेले दिवस खोडावर कायमचे उमटून राहतात. आपल्या माडावरची ती बारीक जागा म्हणजे आडाला पाणी नसलेली वर्षे आहेत. पुढे झाड कितीही सुधारले, तरी तेवढा भाग तसाच राहील, आणि त्यामुळे काही बिघडणारही नाही.

खरे कारण सावली. माड हा उन्हाचा भुकेला आहे. त्याला दिवसभर उघडे आकाश हवे. म्हणूनच लागवडीत दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवतात. आंबा तोडावा असे मी म्हणणार नाही. फळे उतरून झालेली आहेत, तेव्हा माडाच्या अंगावर आलेल्या फांद्या आताच जाणकार माणसाकडून छाटून घ्याव्यात आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावावी.

खताबाबत सांगतो. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची सर्वसाधारण शिफारस पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र (नायट्रोजन), ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १,२०० ग्रॅम पालाश (पोटॅश) अशी आहे. बाजारातल्या खतांत ते साधारण एक किलो युरिया, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश होते. लागवडीच्या पहिल्या वर्षी याचा दहावा हिस्सा, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्या वर्षापासून पूर्ण मात्रा द्यायची असते. एक तृतीयांश पावसाच्या सुरुवातीला आणि उरलेले पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, असे दोन हप्ते करावेत. आपल्या उपाशी माडाला मात्र पहिल्या वर्षी निम्मीच मात्रा द्यावी, सोबत तीस-चाळीस किलो कुजलेले शेणखत घालावे आणि मग मात्रा वाढवावी. खत बुंध्याला चिकटवून टाकू नये. माडाला सोटमूळ नसते. त्याची खाणारी मुळे बुंध्याभोवती सुमारे दोन मीटरच्या घेरात असतात, म्हणून १.८ मीटर त्रिज्येचे उथळ आळे करून त्यात खत पसरावे.

सदाशिवगडकरांच्या मिठाविषयीही बोलायला हवे. त्यांच्या आईचे करणे अडाणीपणाचे नव्हते. माडाला क्लोरीनची गरज इतर झाडांपेक्षा पुष्कळ जास्त असते. किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यातून ते मिळत राहते, आत आल्यावर कमी पडते. परंतु म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच, त्यामुळे ते दिले की पालाश आणि क्लोरीन दोन्ही पोचतात आणि वेगळे मीठ घालावे लागत नाही. विशेषतः चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या जमिनीत मीठ टाकू नये, कारण तिथे पाण्याचा निचरा आधीच मंद असतो आणि मातीची घडण आणखी बिघडते.

निपाणी काळीमाती
२४ जुलै २०२१

धागा उपयुक्त आहे, म्हणून माझा अनुभव नोंदवतो. २०१४ मध्ये आम्ही तंबाखूच्या शेताच्या बांधावर अकरा माड लावले. लवकर फळणारी संकरित जात म्हणून एका खासगी रोपवाटिकेने ती रोपे दिली होती. सहाव्या वर्षी त्यांतील दोनच माडांना पोय आली आणि रंग-रूपावरून बाकीचे साधे उंच जातीचे निघाले. पावतीवर जातीचे नाव लिहिलेले नव्हते, त्यामुळे दाद मागता आली नाही. त्याचा मला आजही मनस्ताप होतो, कारण पैशांपेक्षा सहा वर्षांचा हिशेब चुकला. रोप घेताना पावतीवर जातीचे नाव लिहून घ्या, आणि शक्यतो कृषी वा फलोत्पादन विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून घ्या, एवढे मी सर्वांना कळकळीने सांगतो. आपल्या जिल्ह्यात गोकाकजवळ अरभावी येथे फलोत्पादन महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचारता येते.

माईंना आणखी एक पाहायला सांगतो. नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या, पंख्यासारख्या त्रिकोणी कापलेल्या दिसतात का? दिसत असतील तर तो गेंड्या भुंगा आहे. तो कोवळ्या गाभ्यात शिरतो आणि न उघडलेली पोयही पोखरतो. त्याची अळी शेणखताच्या उकिरड्यात वाढते. आमचा उकिरडा माडांपासून वीस पावलांवर होता. तो आम्ही वेळेवर उपसू लागलो आणि वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग मिसळून वर्षातून तीनदा भरू लागलो, तेव्हा त्रास पुष्कळ आटोक्यात आला. शेंड्यातून भुंगा काढायला अजूनही लोखंडी आकडी वापरतो. गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमेतून पुढे सोंड्या भुंगा शिरतो, आणि तो शिरला की अनेकदा झाड हातचे जाते. पाच ते पंधरा वर्षांचे माड त्याला जास्त बळी पडतात.

अथणी कोरडवाहू
२ ऑगस्ट २०२१

माझा माड नव्हे, खजूर आहे. तरीही वाट पाहण्याचे दुःख तेच असल्याने लिहितो. आमच्या तालुक्यात पाऊस कमी आणि ऊन भरपूर, म्हणून आखातातून नातेवाइकांनी आणलेल्या खजुराच्या बिया मी २०१३ मध्ये लावल्या. पाच रोपे जगली. मागच्या वर्षी, म्हणजे सातव्या वर्षी, दोघांना फुलोरा आला आणि दोन्ही नर निघाले. खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा आल्याशिवाय ती ओळखता येत नाहीत, हे मला तेव्हा कळले. बियांपासून लावलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि मादी निघाली तरी फळ आईसारखे गोड असेलच असे नाही.

इस्राएलमध्ये मसादा येथे सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजवली गेली, तिचे झाड २०११ मध्ये फुलले आणि तेही नरच निघाले. पुढे त्याच काळातल्या बियांपासून मादी झाडे मिळाली, त्यांतील एकावर या नराचे परागकण घातल्यावर २०२० मध्ये फळ आले. ते वाचल्यापासून माझी दोन नर झाडे तोडण्याचा विचार मी सोडला आहे. उरलेल्या तिघांत एक जरी मादी निघाली, तरी परागीकरण हाताने करायला हेच नर उपयोगी पडतील.

फळ पिकण्याच्या वेळी पाऊस आला तर खजूर झाडावरच सडतो, ही आपल्या भागातली मोठी अडचण आहे. कच्छमध्ये त्यामुळेच तो पूर्ण पिकू न देता रंग भरताच, ताज्या खारकेच्या अवस्थेत उतरवतात. ज्यांना नव्याने लागवड करायची आहे, त्यांनी बी लावू नये, खात्रीच्या मादी झाडाचे फुटवे किंवा ऊतिसंवर्धित रोपे घ्यावीत.

जांबोटीचे रान
५ ऑगस्ट २०२१

अथणीकरांनी ताडकुळातील दुसरे झाड आणलेच आहे, तर भेरली माडाविषयी थोडेसे. कणकुंबी-चोर्ला भागात हे झाड पुष्कळ आहे आणि अनेक जण शोभेसाठी अंगणात लावतात. बहुधा दहा-पंधरा वर्षे ते काहीच दाखवत नाही, मग माथ्याशी पहिला घोस येतो, त्यानंतर एकाखाली एक असे घोस उतरत येतात आणि शेवटचा घोस झाला की झाड वाळून जाते. फुलोरा हा त्याच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा आहे. त्याची फळे हाताळल्यास अंगाला भयंकर खाज सुटते, परंतु धनेश आणि उदमांजरे ती आवडीने खातात. नारळाच्या माडाला ही भीती नाही, म्हणून माईंनी निश्चिंत राहावे.

अनगोळची माई
१४ ऑगस्ट २०२१

आंब्याच्या चार फांद्या छाटल्या. आता सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत ऊन मिळते. आळे केले, निम्मी खतमात्रा आणि शेणखत घातले. जुन्या नारळांच्या सोडणांचा (वरच्या काथ्याच्या सालींचा) थर आळ्यात उपडा घालून वर झावळ्यांचे आच्छादन केले. उन्हाळ्यात आडाचे पाणी चार दिवसांआड देण्याचे ठरवले आहे, आता आडाला पाणी टिकते. भुंग्याने कापलेली एकच जुनी झावळी सापडली.

एक कबुलीही द्यायची आहे. दर वर्षी तुळशीच्या लग्नाला आणि खराट्याच्या हिरांसाठी आम्ही खालच्या तीन-चार हिरव्या झावळ्या कापत होतो. ते योग्य होते का?

तांबडी माती
१५ ऑगस्ट २०२१

ते थांबवावे. निरोगी माडाच्या माथ्यावर तीस-पस्तीस झावळ्या असतात, आपल्या माडावर अठराच आहेत. हिरवी झावळी कापली की झाडाचे अन्न कमी होते, आणि फळता माड असेल तर पोयीचा आधारही जातो, कारण वाढणाऱ्या घोसाचा भार खालच्या झावळीवर विसावतो. पिवळी होऊन आपसूक गळेल तीच घ्यावी. खराटा तिच्याही हिरांचा होतो.

अनगोळची माई
२० जुलै २०२२

वर्ष झाले. खुणेच्या झावळीवर नऊ नव्या झावळ्या मोजल्या. एकूण झावळ्या तेवीस झाल्या. नवी पाने आधीपेक्षा रुंद आणि गडद आहेत. पोय नाही. सासूबाईंना बेचक्यांत पाहायला आता मान वर करावी लागते, म्हणून नातू मोबाईलवर फोटो काढून त्यांना दाखवतो.

सदाशिवगडकर
२१ जुलै २०२२

पोय कशी ओळखायची ते नातवाला सांगा. मधल्या उभ्या कोंबापासून खाली मोजत आले की दहाव्या-बाराव्या झावळीच्या बेचक्यात हिरवट, टोकदार, भाल्याच्या पात्यासारखे आवरण वर येते. झावळीच्या तळाशी असणाऱ्या जाळीदार कापडासारख्या वेष्टनामुळे सुरुवातीला ते दिसत नाही. ते वेष्टन हाताने ओढून काढण्याचा मोह आवरावा. आवरण पूर्ण वाढल्यावर स्वतःच उभे चिरते आणि आतून पिवळसर फुलोरा बाहेर येतो.

अनगोळची माई
९ डिसेंबर २०२३

आज पोय दिसली. नातवाने फोटो मोठा करून दाखवला तेव्हा मला खात्री वाटेना, म्हणून शिडी लावून मी स्वतः पाहिली. सासूबाईंनी शिडीच्या पायाशी उभे राहून हळदकुंकू मागवले. यंदाच्या मोजणीत अकरा झावळ्या आल्या होत्या, हेही कळवते.

अनगोळची माई
१२ जानेवारी २०२४

पोय फुटली, परंतु तिच्यात एकही मादी फूल नाही. तांदळाच्या दाण्यांसारखी बारीक नर फुले तेवढी आहेत आणि ती दोन-तीन आठवड्यांत गळून गेली. इतक्या वर्षांनंतर हे पाहून फार वाईट वाटले.

तांबडी माती
१२ जानेवारी २०२४

माई, वाईट वाटून घेऊ नका. तरुण माडाच्या पहिल्या पोयी बहुतेकदा अशाच असतात, त्यांच्यात मादी फुले नसतात किंवा अगदी थोडी असतात. या पोयीचा अंकुर २०२१ च्या पूर्वार्धात, म्हणजे आपण आंबा छाटण्याच्याही आधी धरलेला असणार. पुढच्या पोयींना छाटणीनंतरचे ऊन आणि खत मिळालेले आहे.

मादी फुले आली, तरी एक अडचण राहील. उंच माडाच्या पोयीत नर फुले आधी उमलून संपतात आणि मादी फुले मागाहून तयार होतात, त्यामुळे त्याच पोयीचे परागकण तिच्या कामी सहसा येत नाहीत, ते दुसऱ्या माडावरून वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी आणावे लागतात. आपल्या शेजाऱ्यांचा ठेंगणा माड, ज्याच्याशी आपल्या माडाची इतकी वर्षे तुलना झाली, तोच इथे उपयोगी पडेल. फुलोऱ्याच्या काळात परड्यात कीटकनाशक फवारू नये.

अनगोळची माई
३ जून २०२४

एप्रिलमध्ये फुटलेल्या तिसऱ्या पोयीला चार बोंडे धरली होती. मेच्या उन्हात चारही गळली. ऑगस्टच्या सुमारास आणखी एक पोय फुटेल असे दिसते. पाण्याचा नेम आम्ही एकदाही चुकवलेला नाही.

निपाणी काळीमाती
४ जून २०२४

बोंडे गळण्याला घाबरू नका. आमच्या पूर्ण वाढलेल्या माडांवरही धरलेल्या मादी फुलांतील निम्म्याहून जास्त गळतातच. माड आपल्याला पोसवतील तेवढीच फळे ठेवतो. आपल्याला सांगायला आनंद वाटतो की संकरित म्हणून घेतलेल्या माझ्या उंच माडांपैकी सात आता फळले आहेत. आपला माड धरला की त्याचा एक नारळ मला बियाण्यासाठी द्यावा, अशी विनंती आहे. या धाग्यामुळे त्या झाडाशी माझे नाते जडले आहे.

अनगोळची माई
३१ ऑगस्ट २०२५

ऑगस्ट २०२४ च्या पोयीला सात बोंडे धरली होती, त्यांतील तीन टिकली. गेल्या आठवड्यात तिन्ही नारळ उतरवले. सोडण जाड आहे, नारळ मध्यम आकाराचे आहेत आणि हलवल्यावर आत पाणी वाजते. एक सासूबाईंच्या हातून फोडला. वयोमानाने कोयता पेलत नव्हता, म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवला. खोबरे चांगले जाड निघाले. त्यांचे दात गेलेले असल्याने किसून, गूळ घालून दिले. दुसरा यंदाच्या घटासाठी राखून ठेवला आहे. सध्या झाडावर निरनिराळ्या वयाच्या पाच पोयी आहेत आणि सर्वांत खालच्या घोसात नऊ नारळ आहेत. आंब्याची छाटणी यंदाही केली.

निपाणीचे दादा, आपली विनंती मी विसरलेली नाही. तिसरा नारळ आपल्यासाठीच ठेवला होता, परंतु तांबडी मातीकाकांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की बियाण्याचा नारळ इतक्या तरुण माडाचा घेऊ नये. ज्याने वीस वर्षांहून अधिक काळ पाहिलेला आहे आणि जो दर वर्षी न चुकता भरपूर फळतो, अशाच माडाचा, पूर्ण पक्व झालेला घ्यावा. तेव्हा हा नारळ आपण घरी खावा. बियाण्यासाठी सदाशिवगडकरांनी त्यांच्या आजोबांच्या माडांवरचे नारळ फेब्रुवारीनंतर उतरवून देण्याचे कबूल केले आहे. मी त्यांतले चार मागितले आहेत, दोन आपल्यासाठी आणि दोन आमच्या परड्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यासाठी, जिथे दिवसभर ऊन असते. खड्डे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल काढून आताच उघडे ठेवले आहेत.

सदाशिवगडकर
१ सप्टेंबर २०२५

चार नव्हे, सहा ठेवतो. सगळेच रुजत नाहीत. कोंब ज्यांना लवकर फुटेल आणि बुंधा ज्यांचा जाड असेल, तीच रोपे लावा. सासूबाईंना सांगा की त्यांच्या माहेरच्या विहिरीकाठचा माड अजून उभा आहे, नारळ मी त्याचेच उतरवीन.